फॉर्मवर दाढ दिसत नाही

मुलांच्या दातांची प्रश्नावली करायला घेतली की एक प्रश्न हटकून येतो: 'तुमच्या मुलाचे दात किडले आहेत का?' किती मुलांना कीड आहे हे त्यावरून ठरवायचं असेल, तर तो खोडा. पालकांना काळा पडलेला किंवा खड्डा झालेला दात दिसतो. दोन दाढांच्या फटीतली कीड दिसत नाही, हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा डागही नाही, आणि सुरुवातीची कीड दुखत नाही. समजा, 100 मुलांपैकी 40 जणांना कीड आहे आणि त्यांतल्या 16 जणांचेच पालक 'हो' म्हणाले. उरलेली 24 मुलं कागदावर ठणठणीत! किडलेले दात मोजायला आरसा, उजेड आणि तपासणारा माणूसच लागतो.

आरशाला जे दिसत नाही ते मात्र प्रश्नावलीच सांगते. दुखण्यानं झोप मोडते का, एकाच बाजूनं चावलं जातं का, शाळा बुडते का, मूल हसताना तोंडावर हात धरतं का.

यासाठी तयार साधनं आहेत. शाळेआधीच्या वयाला 'ईकोहिस' (दातांच्या त्रासाचा मुलाच्या आणि घरच्यांच्या रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम मोजणारी प्रश्नावली): 13 प्रश्न, पालकांनी भरायचे, 9 मुलाबद्दल आणि 4 घरच्यांबद्दल. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, एकूण जास्तीत जास्त 52. यात हमखास होणारी चूक म्हणजे 'माहीत नाही'ला दिलेला 5 हा आकडा बेरजेत जाणं. तो गुण नाही, रिकामी जागा आहे. मुलाच्या भागात अशा दोनपर्यंत आणि कुटुंबाच्या भागात एक जागा रिकामी असेल, तर त्याच भागातल्या उरलेल्या उत्तरांची सरासरी तिथे घालतात. त्याहून जास्त असतील तर तो फॉर्म बेरजेतून वगळायचा.

11 ते 14 वर्षांची मुलं 'सीपीक्यू' ही अशीच प्रश्नावली स्वतः भरतात, गेल्या 3 महिन्यांबद्दल. मूळ 37 प्रश्नांचा फॉर्म वर्गात भरून घेणं म्हणजे शेवटच्या पानावर डोळे मिटून खुणा. 16 प्रश्नांचा आखूड फॉर्म घ्यावा. 8 ते 10 वयाचा फॉर्म वेगळा आहे. या वयात दुधाचे दात हलत असतात, त्यामुळे 'दात दुखला' म्हणजे पडणारा की किडलेला, हे वेगळं विचारावंच लागतं.

भाषांतरात शब्द निसटतात. ठणकणं, शिवशिवणं आणि कळ येणं या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. सगळ्यांना 'वेदना' म्हटलं की उत्तरही गुळमुळीत येतं. 'दात दुखतात किंवा हिरड्यांतून रक्त येतं का?' असे जोडप्रश्न तर नकोतच. 'हो' नेमकं कशाला?

सवयींबद्दल 'दिवसातून किती वेळा घासता?' विचारलं की 'दोनदा' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी 'काल रात्री झोपण्यापूर्वी दात घासले का? कोणी घासून दिले?' असं विचारा. पेस्ट किती, हे चित्रावर खूण करून घ्यावं: तांदळाचा दाणा, वाटाणा, ब्रशभर. 3 वर्षांखाली दाण्याएवढी, 3 ते 6 मध्ये वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट पुरते.

आणि गालावर सूज, ताप, रात्रीचा ठणका यांचे प्रश्न पहिल्याच पानावर ठेवा. हे फॉर्म त्याच दिवशी चाळून त्या मुलांना दंतवैद्याकडे पाठवायचं असतं. आकडे संगणकात नंतर भरता येतील.