साथीला कोण होतं ते पण लिहा ना

ठाणे-नवी मुंबईतले गाण्याचे, नाटकाचे कार्यक्रम कव्हर करायचे म्हणजे अर्धं काम व्हॉट्सॲपवरच चालतं. कार्यक्रम संपला की रात्रीच आयोजकांची प्रेस नोट येते, आणि ती उघडायच्या आधीच माहीत असतं की आत काय असणार: कोणाच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं, कोणी मनोगत व्यक्त केलं, सत्कार कोणाचे झाले, सगळी नावं पदांसकट, आणि शेवटच्या ओळीत "कलाकारांनी रसिकांना मंत्रमुग्ध केले". संपलं. काय गायले, पेटीला कोण होतं, तबल्याला कोण होतं, यातलं एक अक्षर नाही.

मी फ्रीलान्स करते त्यामुळे मला कोणी ऑफिसातून पाठवत नाही, मी स्वतःच ठरवून जाते आणि मग पुरवणीवाल्यांना विचारते की लिहू का. म्हणून एक गोष्ट मी पक्की ठरवून घेतलीये, की स्टेजवर जेवढी माणसं बसली होती तेवढ्यांची नावं बातमीत गेली पाहिजेत, आणि त्यासाठी भांडायला लागलं तरी चालेल.

कारण सांगते. मुख्य गायकाचं नाव कुठेतरी राहतंच, बॅनरवर असतं, यूट्यूबवर असतं. पण विलंबित एकतालात, म्हणजे अगदी संथ लयीत, पाऊण तास ठेका धरून बसलेला तबलजी, जो एकदाही पुढे पुढे करत नाही, गायक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायला उशीर करतोय हे ओळखून शांतपणे वाट बघतो, त्याचं त्या संध्याकाळचं काम दुसऱ्या दिवशी कुठेच नसतं. पेटीवाल्याचं तेच. गायकाची जागा, म्हणजे सुरांची छोटीशी हरकत, ऐकून तीच जागा अर्ध्या सेकंदात पेटीतून निघते, हे समोर बसून बघण्यासारखं असतं. जुन्या नाट्यसंगीताच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग लावलं आणि पेटीवर गोविंदराव पटवर्धन आहेत असं कळलं की आपण कान टवकारतो ना? ते कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून कळतं.

आणि हे ठाणं आहे. पी. सावळाराम इथले नगराध्यक्ष होते, एक कवी! पं. राम मराठे इथलेच, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव महापालिका करते. गडकरी रंगायतन 1978 पासून उभं आहे, तिकडे घोडबंदरच्या बाजूला घाणेकर नाट्यगृह झालं, खाडीपलीकडे वाशीला भावे नाट्यगृह. एवढं गाणंबजावणं जिथे होतं तिथे वीस वर्षांनी कोणाला शोधायचं झालं की अमुक मैफिलीत पखवाजावर कोण होतं, तर त्याला प्रेस नोटमधला सत्कारमूर्तींचा फोटोच मिळणार का?

एक व्यवहाराची गोष्ट, नव्याने लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल. "साथसंगत अमुक तमुक यांनी केली" ही ओळ बातमीच्या शेवटी कधीच टाकू नका. जागा कमी पडली की सबएडिटर खालून कापतो, त्याचीही चूक नाही, त्याला पान लावायचंय, जाहिरात आली की दोनशे शब्दांचे दीडशे होतात आणि पहिली उडते ती हीच ओळ. त्यामुळे मी नाव वाक्यात गुंफते, म्हणजे द्रुत बंदिशीत अमुकने तबल्यावर काय केलं असं लिहिते, मग ते नाव काढायचं तर अख्खं वाक्य मोडतं, सहसा कोणी काढत नाही.

त्यासाठी अर्थात शेवटपर्यंत बसावं लागतं आणि शेवट होणं हीच मोठी गोष्ट आहे. मोकळ्या मैदानात, तलावाकाठी कार्यक्रम असला तर रात्री 10 ला लाऊडस्पीकर बंद, 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, वर्षातले ठराविक दिवसच 12 पर्यंतची सूट मिळते. नियम योग्यच आहे, आजूबाजूला लोक राहतात. पण पहिला तासभर भाषणं आणि शाली-श्रीफळं झाली की उरलेल्या वेळात ख्याल, म्हणजे सावकाश फुलवायचं रागाचं गाणं, बसत नाही. एका महोत्सवात विंगेतून चिठ्ठी आली आणि गाणाऱ्या बाईंनी बडा ख्याल गुंडाळून थेट भजनाला हात घातला, तबल्यावरच्या मुलाचा चेहरा मला दिसत होता. दुसऱ्या दिवशी प्रेस नोटमध्ये भाषणं सविस्तर होती.

शास्त्रीयवाल्यांची नावं निदान कधीकधी पत्रिकेवर तरी छापली जातात. नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे इकडच्या गावांमधल्या बेंजोवाल्यांचं काय? हळदीच्या रात्री करावे किंवा दिवाळे गावात उभं राहून बघा एकदा, बेंजोवर टाइपरायटरसारख्या बटणांवरून बोटं पळतायत, बाजूला ढोलकी, पॅड, कीबोर्ड, आणि म्हाताऱ्या बायकांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे नाचतायत. नवी मुंबईचं स्वतःचं म्हणावं असं संगीत हेच आहे, नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली आली, त्याच्या आधीपासून ही गावं आणि त्यांची गाणी आहेत. लग्नात धवळे गाणाऱ्या धवलारणी अजून आहेत, पण कमी होत चालल्यात, आणि त्यांचं गाणं तर सगळं तोंडपाठ, कागदावर काहीच नाही. आणि बेंजो पार्टीचं नाव गाडीवर मोठ्ठं असतं, वाजवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. एका बेंजोवाल्या काकांना मी पूर्ण नाव विचारलं तर म्हणाले, "कशाला ताई, पार्टीचं नाव लिवा ना." मी दोन्ही लिहिलं. (इथे देत नाहीये कारण ब्लॉगसाठी त्यांना विचारलेलं नाही, पेपरात विचारून छापलंय.)

जानेवारी 2025 मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्लेचे तीन शो झाले तेव्हा सगळ्यांना नेरूळ आठवलं, हॉटेलचे रेट, लोकलची गर्दी, पार्किंग, सगळ्याच्या बातम्या आल्या. येऊ देत, मोठा कार्यक्रम होता, माझी तक्रार नाही. पण करावे गाव त्याच नेरूळमध्ये आहे, आणि तिथल्या वादकांवर कोणी लिहायचं तर ते आपणच, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून जाणाऱ्यांनी.

तर आयोजक मंडळींना आणि गाणाऱ्यांना मनापासून विनंती. मुख्य कलाकाराच्या खाली, वाचता येईल एवढ्या अक्षरात, साथीदारांची नावं पत्रिकेवर आणि बॅनरवर टाका. गायकांनो, ओळख भैरवीच्या आधी करून देऊ नका, तेव्हा लोक चपला शोधत असतात, पहिल्या रागानंतरच करून द्या. आणि प्रेस नोट पाठवताना प्रत्येकाचं नाव, आडनाव, वाद्य आणि गाव एवढं तरी लिहून पाठवा. पानात जागा कशी मिळवायची ते मी बघते.