मशीन ठीक आहे

जुलैत ती दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा मी तिच्या पाच वर्षांच्या पोराचं कानामागचं ऐकण्याचं मशीन स्टेथोक्लिप (मशीनचा आवाज स्वतः ऐकायची नळी) लावून ऐकलं, सेल मोजला, मायक्रोफोनची भोकं भिंगाखाली पाहिली. आवाज स्वच्छ. "ताई, मशीन ठीक आहे," म्हणून इगतपुरीला परत पाठवलं. शाळेत बाईंनी त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं, लक्ष देत नाही म्हणून.

तिसऱ्या वेळी नाशकातही सकाळपासून झड लागलेली. पोराने एसटीत मशीन काढूच दिलं नाही, ते कानातच राहिलं. तोंडासमोर कागद धरून मी नेहमीचे सहा आवाज काढले: आ, ऊ, ई, म, श, स. आवाज ऐकू आला की डब्यात ठोकळा टाकायचा; एकालाही त्याने टाकला नाही. कानात बसणारा साचा काढून त्याला मशीनशी जोडणारी नळी उजेडात धरली. वाकणावर पाण्याचा टपोरा थेंब, वाट पूर्ण अडवून बसलेला.

"आधी दोनदा आलात तेव्हा मशीन कुठे होतं?"

"पर्समध्ये, मॅडम. पावसात भिजू नये म्हणून."

म्हणजे माझ्या टेबलावर ते दरवेळी सुकून यायचं. आणि पावसाने ते भिजलंच नव्हतं. कानातली हवा गरम, ओलसर, बाहेरची गार. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसा नळीत थेंब धरतो. शाळेत तास-दोन तास गेले की पोर बहिरं. हे मी शिकलेली आहे, दुसऱ्यांना शिकवतेही. तरी "कधी बंद पडतं?" एवढं विचारलं नाही.

रात्री मशीन ठेवायची सिलिका जेलची डबी तिने आणली होती. मणी गुलाबी. कोरडे असताना ते निळे असतात, ओल पिऊन गुलाबी होतात. ती म्हणाली, पहिल्या महिन्यातच रंग बदलला, मला वाटलं तसेच असतात. मशीन बसवलं त्या दिवशी मी सांगितलं होतं. पण त्या दिवशी आई पोराच्या चेहऱ्याकडे बघत असते, डबीकडे नाही. निदान तिला डबी तरी मिळाली. शिबिरांत मशीनं वाटतात, फोटो निघतात, रात्री ते कशात ठेवायचं हे कुणी बोलत नाही. मग लोक तांदळात ठेवतात आणि पीठ मायक्रोफोनमध्ये जातं.

मणी बदलले. ओल कमी धरणारी जाड नळी घातली. रात्री सेल काढून डबीबाहेर ठेवायचा, कारण ती कोरडी हवा सेललाही सुकवते. हे तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

"म्हणजे शाळा उघडल्यापासून त्याला ऐकूच येत नव्हतं?"

"येत-जात होतं," मी म्हणाले.

ऐकू येत नव्हतं तेव्हा त्याला किती हाका मारल्या असतील, याचा हिशेब अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बाईंसाठी चिठ्ठी लिहून दिली: नळीत थेंब दिसला तर साचा मशीनपासून सोडवा, मग हाताने दाबायच्या रबरी फुग्याने नळीत हवा मारा. मशीनमध्ये मारू नका. मुलाचं लक्ष होतं. त्याला पहिल्या बाकावर बसवा.