टीएसएचचा आकडा, गोळीचा डोस आणि ‘साइड इफेक्ट’

थायरॉईडचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) ६.८, शेजारी वर जाणारा बाण, आणि लगेच थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवायचा की काय म्हणून घालमेल सुरू होते. पण तो आकडा वाचायला तीन गोष्टी लागतात आणि त्या सगळ्या रिपोर्टवर छापलेल्या नसतात. डोस शेवटचा कधी बदलला, रक्त किती वाजता दिलं, आणि त्या दिवशी गोळी रक्त देण्याआधी घेतली की नंतर. हे कळल्याशिवाय डोसला हात लावणं म्हणजे अंदाजपंचे काम आहे.

टीएसएच थायरॉईड ग्रंथीत तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. रक्तातलं थायरॉईड हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, जास्त झालं की आवरतं घेते. त्यामुळे टीएसएच वाढलेलं म्हणजे थायरॉईड कमी पडतंय आणि टीएसएच घसरलेलं म्हणजे हार्मोन जास्त होतंय. हा उलटा हिशेब डोक्यात पक्का बसवून घ्या, कारण ‘टीएसएच वाढलंय म्हणून गोळी कमी केली’ हे फार ऐकायला मिळतं आणि त्याने नुकसानच होतं.

दुसरी गोष्ट, टीएसएच आणि थायरॉईड हार्मोन यांचं नातं सरळ पटीचं नाही. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन, निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते शंभरपटीच्या घरात जाऊ शकतं. म्हणजेच टीएसएच ४ वरून ८ वर गेलं तरी प्रत्यक्ष हार्मोनमध्ये साधारण दहा टक्क्यांचीच घट असू शकते. त्यात टीएसएच दिवसभरही हलत राहतं. मध्यरात्रीनंतर ते सर्वांत वर असतं आणि दुपारी सर्वांत खाली. आज सकाळी ७ ला दिलेलं रक्त आणि मागच्या वेळी दुपारी २ ला दिलेलं रक्त यांची तुलना करून ‘थायरॉईड वाढला’ म्हणणं चूक आहे. दर वेळी तीच लॅब आणि शक्यतो तीच वेळ ठेवा.

मोठ्या माणसांसाठी बहुतेक लॅब टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ पर्यंत नॉर्मल धरतात. सत्तरीनंतर ही वरची मर्यादा नैसर्गिकपणेच आणखी वर सरकते, त्यामुळे त्या वयात ६ चा आकडा दिसला म्हणून गोळी सुरू करायची घाई नको. फ्री टी-४ दोन वेगवेगळ्या एककांत छापतात. १.३ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १६.७ पिकोमोल प्रति लिटर हे एकच मूल्य आहे. लॅब बदलल्यावर आकडा बारा-तेरा पटींनी वाढलेला दिसला तर आधी एकक बघा.

टीएसएच वाढलेलं आणि फ्री टी-४ नॉर्मल, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड कमी पडण्याची सौम्य अवस्था, म्हणतात. एकाच रिपोर्टवर त्याचं औषध सुरू करू नये, दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण यातले बरेच आकडे आपोआप खाली येतात. पुन्हाही १० च्या वर राहिलं तर सहसा गोळी सुरू करतात. ४.५ ते १० च्या मधल्या पट्ट्यात वय, लक्षणं, अँटी-टीपीओ अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध बनवतं ती प्रथिनं) आणि गर्भधारणेचा विचार आहे का, यावर ठरतं. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की ती पुन्हा पुन्हा मोजून हाती काही लागत नाही. डोस तिच्या आकड्यावर ठरतच नाही.

गोंधळात टाकणारे रिपोर्ट वेगळेच असतात. टीएसएच १८ आणि फ्री टी-४ मात्र अगदी वरच्या काठावर, असं दिसलं की पहिला संशय गोळ्या चुकल्याचा घ्यावा. महिनाभर गोळ्या अधूनमधून घेतल्या आणि तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस न चुकता घेतल्या की असंच होतं. फ्री टी-४ लगेच वर येतं, टीएसएच मात्र मागच्या काही आठवड्यांचा हिशेब दाखवत बसतं. इथे डोस वाढवला तर पुढे गोळ्या नियमित झाल्यावर तोच डोस जास्त पडतो.

याच्या उलट रिपोर्ट बायोटिन या जीवनसत्त्वामुळे येतो. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. कितीतरी लॅबच्या तपासणी-पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन तिथे लुडबुड करतं. टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त येतं, कागदावर हुबेहूब हायपरथायरॉईडिझम, म्हणजे हार्मोन जास्त झाल्याचं चित्र. माणूस मात्र ठणठणीत, नाडी ७०, हात स्थिर. अशा वेळी बायोटिन किमान दोन दिवस, मोठा डोस असेल तर त्याहून जास्त, बंद ठेवून रक्त पुन्हा द्या. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून ही गोळी डॉक्टरांना सांगायची राहून जाते, ती आवर्जून सांगा.

मोठ्या आजारपणात किंवा दवाखान्यात भरती असताना केलेली थायरॉईड तपासणीही फारशी भरवशाची नसते. आजारात टीएसएच दबतं आणि बरं होताना काही काळ वर उसळतं. आणि टीएसएच कमी किंवा नॉर्मल असूनही फ्री टी-४ कमी असेल तर दोष पिट्युटरीत असू शकतो. त्या रुग्णांचा डोस टीएसएच बघून ठरवता येत नाही, फ्री टी-४ वरच जावं लागतं. शिवाय गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल (ताण पेलायला लागणारं दुसरं एक हार्मोन) तपासणं अत्यावश्यक असतं. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर जीवघेणी अवस्था ओढवू शकते.

आता गोळीकडे. तिच्यातलं औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन (थायरॉक्सिन). त्याचं रक्तातलं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, साधारण सात दिवसांचं आहे, म्हणून डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. दोन आठवड्यांनी कुतूहलापोटी केलेला टीएसएच पैसेही घालवतो आणि दिशाही चुकवतो. ग्रंथी जवळजवळ बंदच पडली असेल तर मोठ्या माणसाला दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोला ९६, व्यवहारात १००. ग्रंथी थोडंफार काम करत असेल तर यापेक्षा कमी पुरतं. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात.

गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॉफीही त्यानंतरच. सकाळ जमत नसेल तर रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. ही गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड यांच्यात चार तासांचं अंतर हवं. हे पदार्थ आतड्यात गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पोचतच नाही. चांगला बसलेला डोस अचानक अपुरा पडू लागला तर मी आधी विचारेन की गेल्या दोन-तीन महिन्यांत दुसरी कुठली गोळी सुरू झाली. फार वेळा उत्तर लोहाची, कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची असं येतं. गोळ्या मूळ पाकिटातच, उष्णता आणि ओल यांपासून दूर ठेवा. रक्त द्यायच्या सकाळी गोळी नंतर घ्या, कारण गोळीनंतरचे काही तास फ्री टी-४ खोटं चढलेलं दिसतं.

साइड इफेक्ट हा शब्द इथे जपून वापरावा असं मला वाटतं. ही गोळी म्हणजे शरीरात एरवी तयार होणारंच हार्मोन आहे, त्यामुळे त्रास बहुतेक वेळा डोसचा असतो, औषधाचा नाही. डोस जास्त झाला की छातीत धडधड, हातांना बारीक थरथर, घाम, उकडणं, झोप उडणं, चिडचिड, पातळ शौच, वजन उतरणं. घरी करण्यासारखी सोपी तपासणी म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजणं. ती नेहमी ७२ असायची आणि आता आठवडाभर रोज ९५ लागतेय तर तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवा. नाडी वेडीवाकडी लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, लगेच जा.

लक्षणं न जाणवताही जास्त डोस वर्षानुवर्षं चालू राहणं वाईट. टीएसएच ०.१ च्या खाली राहिलं तर उतारवयात एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, धोका वाढतो आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. ‘टीएसएच जितकं कमी तितकं बरं’ हा समज म्हणूनच घातक आहे. थायरॉईडच्या कर्करोगानंतर काही जणांचं टीएसएच मुद्दाम दाबून ठेवतात, पण तो निर्णय वेगळा आणि त्याचा हिशेबही वेगळा.

डोस बरोबर असतानाही होणारे काही त्रास आहेत. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने केस गळू शकतात, ते थांबतं. फार दिवस हार्मोन कमी असलेल्या माणसाला सुरुवातीला धडधड जाणवते, कारण शरीराला त्या गतीची सवय राहिलेली नसते. पुरळ किंवा खाज आली तर दोष बहुधा गोळीतल्या रंगाचा किंवा भरावाच्या घटकाचा असतो, मग रंग नसलेली गोळी किंवा दुसरी कंपनी विचारावी. कंपनी बदलली की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच मात्र बघायचं. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर थायरॉक्सिनचा डोस वाढल्यावर रक्त अधिक पातळ होतं, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) लवकर तपासा. मधुमेहात इन्सुलिनची गरज वाढू शकते.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हायपोथायरॉईडिझममुळे वाढलेलं वजन बरंचसं साठलेल्या पाण्याचं आणि क्षारांचं असतं, आणि सहसा ते थोडंच असतं. टीएसएच नॉर्मल झाल्यावरही वीस किलो उतरत नसतील तर गोळी कमी पडतेय असं समजू नका, आणि वजनासाठी डोस वाढवून तर मुळीच घेऊ नका.

एखादा दिवस गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. सात दिवसांच्या अर्धायुष्यामुळे एका गोळीने काही बिघडत नाही. टी-३ ची, म्हणजे लायोथायरॉनिनची गोळी मात्र वेगळी वागते. ती दोन ते चार तासांत टोकाला जाते आणि धडधड त्याच वेळी होते.

गर्भधारणेत उशीर परवडत नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी काम करू लागेपर्यंत त्याला आईच्याच हार्मोनवर अवलंबून राहावं लागतं. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीची गरज पहिल्या काही आठवड्यांतच साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, असा सल्ला बरेच डॉक्टर आधीच देऊन ठेवतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर हे आधीच विचारून घ्या. लक्ष्य टीएसएच २.५ च्या खाली, आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. बाळंतपणानंतर डोस पुन्हा आधीचा करतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात.