रिकाम्या बारपासून सुरुवात

वजन उचलण्याचा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो की, पहिले काही दिवस बारला, म्हणजे वजने लावायच्या लांब दांड्याला, एकही प्लेट (चकतीसारखे गोल वजन) लावू नका. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुष वापरतात तो बार मुळातच २० किलोंचा आणि स्त्रिया वापरतात तो १५ किलोंचा असतो. स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक मारणे) आणि ओव्हरहेड प्रेस (बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणे) अंगवळणी पडेपर्यंत एवढे वजन पुरते. तेही जड वाटले, तर हलके डंबेल घेण्यात कमीपणा नाही.

डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहण्याची, गोष्ट मात्र वेगळी आहे. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्यामुळे ती लावलेला बार जमिनीपासून साधारण २२ सेंटिमीटर वर राहतो. रिकामा बार थेट जमिनीवर पडलेला असतो आणि त्याच्यापर्यंत वाकताना नवख्याची कंबर हमखास गोल होते. म्हणून सुरुवातीला बार ठोकळ्यांवर ठेवावा. हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात मी घाईने वजन वाढवले, बार नडगीपासून चार बोटे पुढे राहिला, आणि उचलताक्षणी पाठीत अशी उसण भरली की पुढचे आठ दिवस मोजे घालणेही अवघड झाले. बार बुटाच्या नाडीच्या बरोबर वर यावा, पोटात श्वास भरून पोट घट्ट करावे आणि बार पायांना घासून वर यावा, हे मी त्यानंतर शिकलो.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून. स्नायू भरायला वेळ लागतो, आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा तर त्याहूनही सावकाश बळकट होतात. त्यामुळे आज सहज उचलले म्हणून उद्या दहा किलो वाढवणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट, म्हणजे एकूण अडीच किलो, एवढीच वाढ मला योग्य वाटते.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती, एवढे पुरे. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वाधिक दुखते आणि मग आपोआप ओसरते. मात्र सांध्यात तीव्र कळ आली, तर त्या दिवशी बार खाली ठेवावा. एरवीही प्रत्येक सेट (न थांबता सलग केलेल्या उचलींचा गट), अजून एक-दोन वेळा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबवावा.