वय २६, पुरुष, काळा

मिझुरी राज्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी वंशावळ विभागात काम करते. जर्मनी-आयर्लंडहून आलेल्यांच्या पणतवंडांचं काम फारसं अवघड नसतं. जहाजाची यादी, चर्चचं दफ्तर, पुढे जनगणना, की झालं. पण कृष्णवर्णीय माणूस पूर्वजांच्या मागावर निघाला की गाडी १८७० ला अडते. गुलामीतून सुटलेल्या सगळ्यांची नावं जनगणनेत लिहिली गेली ती त्याच वर्षी पहिल्यांदा. १८६० ला गुलामांचा तक्ता वेगळा होता: नाव मालकाचं, त्याखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. मिझुरीत असे १,१४,९३१ जण होते. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांची सही पाहिलेल्या माणसाला हा तक्ता पचायला जड जातो.

हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. "आम्ही मूळचे कॅन्ससचे," त्यांनी आधीच बजावलं. कॅन्सस म्हणजे १८६१ ला गुलामगिरीविना राज्य झालेला मुलूख, त्यामुळे त्यात अभिमान होता. हातात खापरपणजोबांच्या थडग्याचा फोटो: नाव, सैन्यातली कंपनी आणि '६२'.

१८७० ला कुटुंब कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ गावात सापडलं. जन्मस्थळाचा रकाना मी वरून खाली वाचला. नवरा व्हर्जिनिया, बायको केंटकी, थोरली मुलं मिझुरी, शेंडेफळ तेवढं कॅन्सस. पश्चिमेकडचा विस्तार म्हटलं की सगळ्यांना कापडी छताच्या गाड्या आठवतात. त्या गाड्यांबरोबर मर्जीविरुद्ध आणलेल्यांचं चित्र कुणी काढत नाही. १८२० च्या तडजोडीनं मिझुरीत गुलामगिरीला मुभा मिळाली आणि व्हर्जिनिया-केंटकीचे जमीनदार माणसांसकट नदीकाठी येऊन तंबाखू आणि दोरखंडाचं हेम्प पिकवू लागले. १८५४ ला शेजारच्या कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही, हा निर्णय तिथे वसणाऱ्यांच्या मतांवर सोडला, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊनच आले. अमेरिकेची उत्तर-दक्षिण यादवी या सीमेवर खरी तेव्हाच पेटली, १८६१ ला नव्हे.

"म्हणजे मिझुरी?" बाईंचा चेहरा उतरला.

६२ म्हणजे यादवीत उत्तरेच्या, म्हणजे सरकारच्या सैन्यातली ६२ वी कृष्णवर्णीय पायदळ पलटण, डिसेंबर १८६३ मध्ये सेंट लुईसला उभी राहिलेली. शिपायांच्या फाइली आता स्कॅन झाल्या आहेत. पहिल्या कार्डावर वय २९, उंची, डोळ्यांचा रंग, धंदा मजुरी. पुढचं पान उघडलं आणि आम्ही दोघी थांबलो. तो छापील अर्ज होता, मालकाचा. माझा गुलाम सैन्यात गेला, सबब भरपाई मिळावी. सोबत मालकी हक्काचा पुरावा आणि सरकारशी एकनिष्ठ असल्याची शपथ. एकनिष्ठ मालकाला ३०० डॉलरपर्यंत मागता येत. शिपायाला महिन्याला दहा डॉलर, त्यातले तीन कपड्यांपोटी कापून. गोऱ्या शिपायाला तेरा. पगार सारखा करण्याचा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

"मिळाले का त्याला तीनशे?" बाईंनी विचारलं. फाइलीत त्याचं उत्तर नव्हतं.

पण या अर्जामुळेच मालकाचं नाव आणि काउंटी, म्हणजे जिल्हा, कळला होता. १८६० चा तक्ता काढला. मालकाच्या नावाखाली नऊ ओळी, आणि त्यांत वय २६, पुरुष, काळा. २०-३० वयाचा पुरुष तेवढा एकच. तरी हेच ते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वयं अंदाजानं लिहिलेली असत. मी तसं म्हटलं. बाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शंका घ्या, तो तुमचा धंदा आहे. मी नाही घेणार."

याच पलटणीतल्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी आपल्या पगारातून सुमारे पाच हजार डॉलर जमवले आणि १८६६ ला जेफरसन सिटीत शाळा सुरू झाली, आजचं लिंकन विद्यापीठ. हे ऐकून बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. मालकाच्या अर्जाच्या दोन प्रती त्यांनी मागून घेतल्या. एक भावासाठी, कारण तो अजून कॅन्ससचंच घोडं दामटतो.

राहिली खापरपणजी. ती सैन्यात नव्हती, म्हणून तिच्या नावाचा अर्ज कुणी केलेला नाही. नवऱ्यामागे तिनं पेन्शन मागितली असेल, तर लग्न सिद्ध करायला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी घ्याव्या लागल्या असतील, कारण गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हतं. ती फाइल वॉशिंग्टनहून मागवली आहे. तोवर मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या चाळते आहे. त्यांत माणसं घोडे-गाईंच्या आगेमागे येतात, किमतीसकट, पण तिथे निदान नावं असतात.