निवडणुकीच्या बाजारात मतदार यादीचे मोल

एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या मेळाव्यात शिवसेनेच्या ठाकरे गटाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातील भाषण ऐकवले, तेव्हा त्यावर दोन-तीन दिवस भरपूर चर्चा झाली. त्याच्या सव्वा वर्ष आधी तमिळनाडूत द्रमुकने करुणानिधी यांना अशाच पद्धतीने पडद्यावर बोलते केले होते, आणि त्याही आधी, २०१२ ची गुजरात विधानसभा व २०१४ ची लोकसभा या निवडणुकांत, नरेंद्र मोदी यांची त्रिमितीय प्रतिमा एकाच वेळी अनेक सभांमध्ये भाषण करताना लोकांनी पाहिली होती. प्रचारातील तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर असेच काहीतरी दिपवणारे येते. महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी मात्र या तंत्रज्ञानावर ज्यांचे पोट चालते, त्यांतील बहुतेकांचा अशा चमत्कारांशी काडीचाही संबंध नाही. त्यांचा धंदा मतदार यादीवर उभा आहे.

ही यादी सर्वांसाठी उपलब्ध असते, मग तिच्यात विकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. निवडणूक आयोग संकेतस्थळावर जी यादी प्रसिद्ध करतो, ती प्रत्येक भागाची स्वतंत्र पीडीएफ असते आणि तिची पाने छायाचित्रासारखी असतात. त्या पानांवर नाव शोधता येत नाही, आडनावानुसार क्रम लावता येत नाही, एका घरातील मतदार एकत्र करता येत नाहीत. शोधता येण्याजोगी यादी मिळावी म्हणून कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने २०१८ मध्ये ती मागणी मान्य केली नाही. मतदारांच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी आयोगाने हे धोरण स्वीकारले आहे. पण त्याचा व्यवहारातील परिणाम असा झाला, की यादी ‘उघडून’ देणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच निर्माण झाला. संगणकाकडून देवनागरी अक्षरे वाचून घ्यायची, जोडाक्षरांत झालेले घोळ माणसे बसवून दुरुस्त करायचे, आणि नाव, नातेवाइकाचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग व ओळखपत्राचा क्रमांक असे रकाने पाडून ते मोबाइलच्या अॅपमध्ये भरायचे, हे त्यांचे मूळ काम.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत हे काम दुप्पट होते. तेथे राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, परंतु ती प्रभागनिहाय फोडतो. २०२५-२६ मधील निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी आधार धरण्यात आली होती. प्रारूप याद्या आल्यावर शेजारच्या प्रभागातील गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या प्रभागात आल्याच्या, किंवा आपल्या तिकडे गेल्याच्या, तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले गेले. हरकतींची मुदत थोडी, आणि त्या मुदतीत आपली हक्काची मते कोठे गेली हे ज्याला कळेल तोच हरकत घेणार. सातारा जिल्ह्यातील माझ्या परिचयाचा एक तरुण हा व्यवसाय करतो. त्याच्या म्हणण्यानुसार उमेदवार त्याच्याकडे खरी धाव घेतात ती याच काळात, प्रचार सुरू होण्यापूर्वी.

प्रचारात हे अॅप कार्यकर्त्याच्या हातात जाते. मतदाराचे नाव शोधायचे, त्याचे केंद्र व अनुक्रमांक असलेली चिठ्ठी खिशातल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर छापायची किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवायची. आदर्श आचारसंहितेनुसार पक्षांनी द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर असावी आणि तिच्यावर चिन्ह, उमेदवाराचे नाव किंवा पक्षाचे नाव नसावे. मोबाइलवर येणाऱ्या चिठ्ठीवर मात्र उमेदवार हात जोडून उभा असतो, आणि ते कोणाला फारसे खटकतही नाही.

चिठ्ठीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे रंग. घरोघरी फिरताना कार्यकर्ता अॅपमध्ये प्रत्येक नावापुढे रंगाची खूण करतो: आपला, विरोधकांचा, कुंपणावरचा, मयत, बाहेरगावी. कोकणातील किंवा आमच्या माण-खटावकडील मतदार मुंबई-पुण्याला असतात; त्यांची वेगळी यादी निघते, तिच्यावरून गाड्यांचा हिशेब होतो. मतदानाच्या दिवशी दुपारी ज्या ‘आपल्या’ मतदारांचे मत अद्याप पडलेले नाही, त्यांची नावे गल्लीनिहाय पडद्यावर येतात आणि पोरे दुचाकी घेऊन निघतात. जुने गटप्रमुख हेच काम वहीत करत आणि त्यांना अर्धा वॉर्ड तोंडपाठ असे. फरक एवढाच, की ती वही त्यांच्यापाशीच राहत असे. आता ती दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवर राहते.

यादीत जात लिहिलेली नसते, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आडनावानुसार क्रम लावण्याची सोय या प्रत्येक अॅपमध्ये असते आणि ग्राहक सर्वांत आधी तीच मागतो. महाराष्ट्रात आडनावावरून काय काढले जाते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. अंदाज अनेकदा चुकतो, कारण एकच आडनाव चार समाजांत आढळते. तरीही प्रत्येक प्रभागाचा ‘आडनाव अहवाल’ निघतो आणि बऱ्याचदा उमेदवारी मागायला जाताना तोच फाइलमध्ये वरच्या बाजूस लावलेला असतो. मला या साऱ्या व्यवहारातील ही सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वाटते. बनावट चित्रफितींपेक्षाही अधिक.

धंदा म्हणून पाहिले, तर तो वरून वाटतो तितका सुखाचा नाही. २०२४ मध्ये एप्रिल-मे महिन्यांत लोकसभा आणि २० नोव्हेंबरला विधानसभा झाली. महानगरपालिकांच्या निवडणुका रखडून अखेरीस १५ जानेवारी २०२६ रोजी एकाच दिवशी २९ ठिकाणी झाल्या. म्हणजे कित्येक महिने शुकशुकाट आणि मग तीन आठवड्यांत सगळीकडून एकदम मागणी. मुंबई वगळता इतरत्र बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असल्यामुळे चौघे मिळून एकच अॅप घेतात आणि पैसे देण्याची वेळ आली की एकमेकांकडे बोट दाखवतात. निकालानंतर पडलेला उमेदवार फोन उचलत नाही, निवडून आलेला मिरवणुकीत असतो. म्हणून आगाऊ रक्कम पूर्ण घेतल्याशिवाय पासवर्ड द्यायचा नाही, हा या व्यवसायातील पहिला धडा. त्यात एकाने स्वच्छ केलेली यादी दुसरा फुकटात उचलून निम्म्या दराने विकतो, आणि मुळात यादी सरकारी असल्याने तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

मोठ्या सल्लागार संस्थांचे जग निराळे. प्रशांत किशोर यांनी २०१३ मध्ये उभ्या केलेल्या गटातून पुढे आय-पॅक आली. २०२४ च्या विधानसभेपूर्वी अजित पवार यांच्या राष्ट्रवादीने डिझाइनबॉक्स्ड या संस्थेला काम दिले आणि दादांचे गुलाबी जाकीट राज्यभर गाजले. अशा संस्थांचा करार पक्षाशी होतो, आणि येथे कायद्याची एक गंमत आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख अशी खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही. निवडणूक आयोगाने २०१३ पासून समाजमाध्यमांवरील जाहिराती, मजकूर तयार करणाऱ्यांचे पगार व कंपन्यांना दिलेले पैसे उमेदवाराच्या हिशेबात धरायला सांगितले आहेत. फेसबुकवरील जाहिरातीचा अंदाजे खर्च कोणालाही कंपनीच्या जाहिरात संग्रहात पाहता येतो. तालुक्यातील अॅपवाल्याला दिलेली रक्कम मात्र उमेदवाराने लिहिली तरच दिसते. भोंगा लावलेली रिक्षा, मंडप आणि चहा-नाश्ता यांचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देते. प्रचारातील सर्वांत उपयुक्त वस्तू बहुधा या हिशेबात येतच नाही.

पुढचा प्रश्न मोबाइल क्रमांकांचा आहे. ते यादीत नसतात. शिबिरे, हळदीकुंकू समारंभातील सोडती आणि नोकरी मेळाव्यांचे अर्ज यांतून ते जमा होतात. व्हॉट्सअॅप आपली व्यावसायिक संदेशसेवा पक्षांना व उमेदवारांना वापरू देत नाही, आणि फॉरवर्डवर २०१८ पासून एका वेळी पाच चॅटची मर्यादा आहे. त्यामुळे आजही गट चालवणारा माणूस लागतोच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यानेच जाहीर केलेल्या माहितीला त्यात सूट आहे, म्हणजे यादीतील नाव कदाचित सुटेल. परंतु त्या नावापुढे जोडलेला क्रमांक आणि हिरवी-लाल खूण कशी सुटणार? ती खूण त्या मतदाराने दिलेली नाही, आणि बहुतेकदा त्याला तिचा पत्ताही नाही.

हा प्रश्न मी त्या तरुणाला विचारला. निवडणूक संपल्यावर खुणा पुसून टाकण्याची अट आपण करारात घालतो, असे तो म्हणाला. पण ग्राहक सहसा उलटच मागतो, पाच वर्षे सांभाळून ठेव म्हणतो आणि त्यासाठी वार्षिक शुल्क द्यायलाही तयार असतो. सध्या त्याचे लक्ष दुसरीकडे आहे. साखर कारखाने, पतसंस्था आणि बाजार समित्या यांच्या निवडणुका एकामागून एक येत राहतात, सभासद गावोगाव विखुरलेले असतात, मयत सभासदांच्या वारसांचे घोळ मतदार यादीतील घोळांहून मोठे असतात, आणि पॅनेलचे प्रमुख पैसे वेळेवर देतात. तेच अॅप, तेच रंग; मतदार यादीच्या भाग क्रमांकाऐवजी फक्त गट क्रमांक टाकावा लागतो.