ताडोबाचं गेट उघडलं

१ ऑक्टोबर. तीन महिने बंद असलेला ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, आज उघडला आणि गाइड म्हणून माझा सातवा हंगाम सुरू झाला. पहाटे मोहर्लीच्या गेटवर पोचले तेव्हा अंगावर खाकी, गळ्यात दुर्बीण, पोटात नुसता चहा.

माझ्या जिप्सीत पुण्याचं कुटुंब होतं. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून मुलगा जरा हिरमुसला होता. वाटेत ओल्या चिखलात पंजाचा ठसा दिसला. कडा अजून ढासळल्या नव्हत्या, खळग्यात पाणी नुकतंच झिरपत होतं. गाडी बंद करायला लावली. आधी वानर खाकरलं, मग सांबराने एकच खणखणीत हाक दिली. चितळ उगाचही ओरडतं, सांबर वाघाची चाहूल लागल्याशिवाय सहसा नाही. वीस मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही. वाघ बाहेर आला नाही.

एका साहेबांनी मागे एकदा वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत मागितले होते. ते अजून लागतं मनाला. वाघ माझ्या हातात नाही. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, तळ्याकाठचं तारू या आदिवासी देवाचं ठाणं, बांबूतली ती शांतता दाखवणं माझ्या हातात आहे. वनखात्याच्या प्रशिक्षणात नावं शिकले. पण ही ओळख लहानपणी आईसोबत मोहफुलं वेचताना झालेली.

परतताना तो मुलगा हळूच म्हणाला, “ताई, सांबर परत कधी ओरडेल?”

दुपारच्या फेरीला पुन्हा माझा नंबर आहे.